कुणाच्या ओळखीनं आलात?

जळगावहून मुंबईला गोल्फ खेळायला निघालेल्या माणसानं सोबत काय न्यावं? स्टिक्स भाड्यानं मिळतात. चेंडू तिथेच विकत मिळतात. टोपी स्टेशनाबाहेर मिळते. एक गोष्ट मात्र विकतही मिळत नाही आणि भाड्यानंही मिळत नाही, ती म्हणजे क्लबाच्या सभासदाची ओळख. ती नसेल तर बाकीचं सामान घरीच राहू द्या.

खान्देशात गोल्फ खेळतं कोण, असं विचारणाऱ्यांनी जरा आजूबाजूला पाहावं. पाचोऱ्याचा, शिरपूरचा, साक्रीचा पोरगा इंजिनीअर होऊन पुण्याला गेला, पुण्याहून अमेरिकेला गेला. तिथे गावच्या नगरपालिकेचं गोल्फ मैदान असतं. शनिवारी सकाळी पैसे भरायचे आणि खेळायचं. तो खेळला, त्याला गोडी लागली. दिवाळीला घरी आला की आठवडाभर भरीत-पुरी आणि शेवभाजीत जातो, मग हात शिवशिवायला लागतात. परतीचं विमान मुंबईहून असतं. दोन दिवस आधी निघतो आणि बापाला म्हणतो, ‘मुंबईत एक राउंड खेळून जातो.’ इथून बापाची पायपीट सुरू होते. कोणाचा साडू मंत्रालयात आहे, कोणाचा व्याही बँकेत मोठ्या पदावर आहे, कोणाचा भाचा नौदलात आहे.

अमळनेरात तर पैशाची अडचण नाही. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि जुने शेअर न विकता जपून ठेवणारी घरं कोट्यधीश झाली. तिकडचेच एक नाना मला म्हणाले, “पैसा देसूत भाऊ, पन वळख कथाईन आनसूत?” मोठ्या शहरात गोल्फचं मैदान निवडण्याचा सगळा प्रश्न नानांच्या या एका वाक्यात आला. मैदान किती सुंदर, किती लांब, बंकर किती, ग्रीन किती वेगवान, हे सगळं नंतर. आधी फाटक उघडतं का ते बघायचं.

मुंबईपासून सुरुवात करू. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा, अठरा होलचा. महालक्ष्मीच्या रेसकोर्ससमोर विलिंग्डन आहे, १९१८ सालचा. त्याची जन्मकथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला, मग तो संस्थानिक का असेना, प्रवेश नव्हता. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी गोरे आणि हिंदी दोघांसाठी म्हणून हा क्लब काढला. दार उघडायला निघालेला क्लब! आज त्याच क्लबात नवं सभासदत्व मिळणं किती दुरापास्त आहे, हे कोणत्याही मुंबईकराला विचारा. तिसरा कुलाब्याचा युनायटेड सर्व्हिसेस क्लब, म्हणजे यूएस क्लब. तो नेव्ही नगरात, अगदी समुद्राला लागून आहे. फौजी माणूस नात्यात असेल तर त्याचे पाय धरा आणि जा, कारण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात तिथे चेंडू मारणं ही चीजच वेगळी आहे. नात्यात फौजी नसेल तर कुलाब्यापर्यंतची टॅक्सी वाचवा.

मुंबईतल्या एका जुन्या क्लबाच्या फाटकावर मी स्वतः उभा राहिलो आहे. पहारेकरी सभ्य होता, आवाज चढवला नाही. त्यानं वही पुढे केली. वहीचा पहिला रकाना सभासदाचं नाव, दुसरा सभासद क्रमांक, तिसरा पाहुण्याचं नाव, चौथा गाडीचा नंबर. पहिले दोन रकाने भरल्याशिवाय पेन तिसऱ्यावर टेकवायचं नाही. “कुणाच्या ओळखीनं आलात?” त्यानं विचारलं. मी कुणाच्याच ओळखीनं आलो नव्हतो. त्या वहीत माझं नाव लिहायला जागाच नव्हती. पहारेकऱ्यावर माझा राग नाही, तो हुकुमाचा ताबेदार. राग त्या वहीच्या आखणीवर आहे.

म्हणून खान्देशातून जाणाऱ्याला माझं सांगणं सरळ आहे: खारघर गाठा. सिडकोनं खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी गोल्फ मैदान बांधलं आहे. सरकारी संस्थेनं बांधलेलं, पैसे भरून कुणालाही खेळता येईल असं. सुरुवातीला ते पूर्ण अठरा होलचं नव्हतं, यावरून काही लोक नाक मुरडायचे. मुरडू देत. समोर डोंगराची भिंत, पावसाळा संपता संपता अंगावर येणारा हिरवा रंग, आणि फाटकावर ‘तुम्ही कोण’ असं विचारायच्या आत ‘किती जण’ असं विचारलं जातं. मला या एका प्रश्नासाठी ते मैदान आवडतं. जायलाही सोपं. जळगावहून रात्रीची गाडी पकडायची, पहाटे ठाण्याला उतरायचं, तिथून पनवेल लोकलनं खारघर. नवी मुंबईची मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, तिचं सेंट्रल पार्क स्टेशन त्याच बाजूला पडतं.

सामानाचंही सांगतो. नियमानं पिशवीत जास्तीत जास्त चौदा स्टिक्स चालतात, म्हणून चौदाच न्यायच्या असं कुठे लिहिलेलं नाही. पूर्ण पिशवी बर्थखाली आडवी घालायला गेलात तर समोरच्याशी वाद ठरलेला. सात पुरतात: एक ड्रायव्हर, पाच-सात-नऊ नंबरच्या आयर्न, एक पिचिंग वेज, एक सँड वेज आणि पटर. सतरंजीत गुंडाळल्या की कडेला उभ्या राहतात. कॉलरचा टीशर्ट घाला. गोल गळ्याचा बनियनवजा टीशर्ट आणि जीन्स बहुतेक ठिकाणी चालत नाही. फोन करताना चार गोष्टी विचारा: बाहेरच्याला कोणत्या वारी घेता, हँडिकॅपचा म्हणजे खेळाच्या पातळीचा दाखला लागतो का, स्टिक्स भाड्यानं आहेत का, कॅडीचे पैसे वेगळे की ग्रीन फीमध्ये धरलेले. आणि सकाळची पहिली वेळ मागा. अठरा होल चालत खेळायला चार-साडेचार तास लागतात. मुंबईच्या दमट हवेत अकरानंतर आपल्यासारख्या पंचेचाळीस डिग्री पचवणाऱ्यालाही घामानं नको होतं. आपल्या उन्हात घाम वाळतो तरी, तिथे वाळतच नाही.

पुण्याचं सांगायचं तर येरवड्याला जुनं मैदान आहे. ते इतकं जुनं आणि मानाचं की शेजारच्या चौकाचं नावच गोल्फ क्लब चौक पडलं आहे. व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धा तिथे होतात. तिथेही सभासद ओळखीचा असेल तर सोनं, नसेल तर चौकातून रिक्षा पुढे घ्या. लवळ्याच्या टेकडीवरचं ऑक्सफर्ड वेगळं आहे. तिथे पाहुण्याला पैसे भरून खेळता येतं. महाग आहे, नोकरदाराला दर महिन्याला झेपणारं नाही. तरी मी त्याच्या बाजूनं बोलेन. पैशाचं फाटक ओळखीच्या फाटकापेक्षा बरं, कारण पैशाचा दर लिहिलेला असतो. कपाशीच्या एका वेचणीत तो जमतो की नाही, ते शेतकऱ्याला घरबसल्या ठरवता येतं. ओळखीचा दर कुठेच लिहिलेला नसतो, आणि एकदा ती वापरली की पुढची दहा वर्षं फेडत बसावं लागतं.

लष्कराच्या मैदानांबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात, मी मोठ्यानं बोलतो. संरक्षण खात्याच्या जमिनींवरचा कॅगचा अहवाल २०११ साली संसदेत आला. त्यात देशभर लष्करी जमिनीवर ९७ गोल्फ मैदानं आणि त्यांच्याखाली आठ हजार एकरांहून अधिक जमीन असल्याची नोंद आहे. या मैदानांचं कागदावरचं नाव ‘पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र’ अशा धाटणीचं असतं. जवानानं आणि अधिकाऱ्यानं खेळावं, अवश्य खेळावं, सियाचीनहून उतरलेल्या माणसाला चार तास हिरवळ मिळाली तर ती त्याच्या हक्काची आहे. पण आठवड्यातली एक सकाळ गावच्या शाळेतल्या पोरांना दिली तर देशाच्या सुरक्षेचं काय बिघडेल? अहिल्यानगरपासून देवळालीपर्यंत फौजी छावण्या आपल्याच वाटेवर आहेत. आपल्या तालुक्यातली किती पोरं फौजेत आहेत, तेही बघा एकदा.

धुळेकर आग्रा रोडनं मुंबईला जातात तेव्हा नाशिक लागतं. त्र्यंबक रोडवरच्या मैदानाला अख्खं नाशिक आजही ‘गोल्फ क्लब’ म्हणतं. साहेब तिथे गोल्फ खेळायचा. साहेब गेला, गोल्फ गेला, नाव तेवढं राहिलं. मैदानाचं अधिकृत नाव आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा तरुण अनंत कान्हेरे. ज्या गवतावर साहेबांचे चेंडू घरंगळायचे तिथे साहेबाला मारणाऱ्या पोराचं नाव लागलं. आज पहाटे साडेपाचला तिथे जा. निवृत्त शिक्षक फेऱ्या मारत असतात, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावत असतात, पलीकडे टेनिस बॉलचं क्रिकेट चालू असतं. रणजीचे सामनेही होतात. कुणी कुणाला विचारत नाही की तुम्ही कोणाचे.

मला नाशिकच्या या मैदानाचा अभिमान आहे, पण एक खंतही आहे. मैदान सगळ्यांचं झालं तेव्हा गोल्फ तिथून हद्दपार झाला. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, असं आपण गृहीतच धरलं. या खेळाच्या माहेरी जाऊन बघा, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला. १७६४ साली तिथे बावीसचे अठरा होल झाले आणि जगभर अठराचा पायंडा पडला. ते ओल्ड कोर्स आजही सार्वजनिक आहे. १९७४ साली ब्रिटिश संसदेनं केलेल्या कायद्याखाली एक ट्रस्ट त्याचा कारभार बघतो. खेळायचं असेल तर हँडिकॅपचा दाखला द्यायचा आणि रोजच्या सोडतीत नाव घालायचं. रविवारी गोल्फ बंद. त्या दिवशी गावातली माणसं त्याच हिरवळीवर कुत्री घेऊन फिरतात, पोरं बागडतात. जगातलं सगळ्यात मानाचं गोल्फ मैदान आठवड्यातून एक दिवस गावाची बाग होतं. आणि आमचे क्लब म्हणतात, बाहेरच्याला आत घेतलं तर दर्जा घसरेल.

अमेरिकेतही तेच. न्यूयॉर्कजवळचं बेथपेज ब्लॅक हे राज्य सरकारच्या उद्यानातलं मैदान. २००२ साली तिथे यूएस ओपन झाली. वेळ मिळावी म्हणून लोक आदल्या रात्री गाडीतच झोपतात, आपल्याकडे खताच्या रांगेत झोपतात तसे. सॅन डिएगोचं टोरी पाइन्स महापालिकेचं आहे, तिथे २००८ला आणि २०२१ला यूएस ओपन झाली. गावच्या रहिवाशाला फी कमी, बाहेरच्याला जास्त, पण बाहेरच्याला ‘नाही’ म्हणत नाहीत. आपल्या देशातही दिल्ली विकास प्राधिकरणानं लाडो सरायला कुतुब गोल्फ कोर्स आणि पलीकडे भलस्वाचं मैदान काढलं आहे, पैसे भरा आणि खेळा. म्हणजे पंजाब मेलनं दिल्लीला उतरणाऱ्या भुसावळकराला तिथे ठाव आहे. मुंबईत मात्र त्यानं सिडकोचे आभार मानायचे आणि खाडी ओलांडायची.

दार उघडं असलं की काय होतं, त्याची दोन उदाहरणं माझ्या मनातून जात नाहीत. दिल्ली गोल्फ क्लबात दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, आणि १९९३ला पुन्हा जिंकला. कॅडी होता म्हणून त्याला गवत ओळखता आलं. फाटकातून आत जायचा एकच रस्ता त्याच्यासाठी होता, तो पिशवी खांद्यावर घेऊन जाणारा. दुसरी बंगळुरूची अदिती अशोक. आईबाप गोल्फ खेळणारे नव्हते. नाश्त्याला जायचे त्या ठिकाणाहून ड्रायव्हिंग रेंज दिसायची, पाच-सहा वर्षांच्या पोरीला ती दिसली आणि तिनं हट्ट धरला. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकलं. त्या शनिवारी पहाटे उठून अर्ध्या भारतानं पहिल्यांदा गोल्फ पाहिला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन मानेही खेळला. चोपड्याच्या पाच वर्षांच्या पोरीला ड्रायव्हिंग रेंज कुठून दिसणार? मुंबईला आत्याकडे सुट्टीला आली तरी दिसतं काय, तर उंच भिंत आणि भिंतीवरून डोकावणारी झाडं.

मग जळगावलाच एक बांधू, असा उत्साह काही मंडळींना येतो. त्यांना मी हात जोडून थांबवतो. साधा हिशेब करा. एक हेक्टर हिरवळीला पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर ५० हजार लिटर लागतं. अठरा होलच्या मैदानातली वीस हेक्टर हिरवळ धरा, दिवसाला दहा लाख लिटर झालं. आपल्या वैशाखात पाच मिलिमीटरनं गवताचे ओठही भिजत नाहीत. ठिबकवर केळीच्या खोडाला उन्हाळ्यात दिवसाला वीसेक लिटर धरतात, म्हणजे ५० हजार केळीचं पाणी रोज गवताला. रावेर-यावलच्या विहिरींची पातळी कुठे गेली आहे, हे माहीत असलेल्या माणसानं हा विचारही करू नये. धुळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे धुळेकर बाईला विचारा, ती हंडा घेऊनच उत्तर देईल.

खेळायचंच असेल तर जुनी एक रीत आहे. कोरड्या मुलखातल्या छावण्यांत साहेब हिरवळीच्या भानगडीत पडत नसे. होलभोवती तेल घातलेल्या वाळूचा गोल करायचा, त्याला ‘ब्राऊन’ म्हणत. पटर मारण्याआधी वाळूवरून फळी फिरवायची, पावलांचे ठसे पुसायचे, मग मारायचं. पाण्याचा थेंब नको. पाचसहा होल, मुरमाड पडीक जमीन, शाळेच्या मागची, एमआयडीसीच्या कडेची. तीही कुरणातली किंवा गायरानातली नको, ती जमीन गुरांची आणि गुरं राखणाऱ्यांची आहे, धुळ्याजवळच्या लळिंगच्या बाजूला तर हे मुद्दाम बजावून सांगायला हवं. एवढ्यात पोरांचा हात बसतो. हिरवळ बघायला मग शहरात जावं.

आणि शहरात गेल्यावर ती खुली असावी, एवढंच मागणं आहे. चेंबूर असो की येरवडा, या मैदानांमुळे शेकडो झाडं वाचली, नाहीतर तिथे आज टॉवर उभे असते, हे मी मान्य करतो. सभासदांनी पैसे घातले, देखभाल केली, त्यांना पहिला मान द्या. शनिवार-रविवार त्यांचे. पण जिथे जमीन सरकारची आहे, भाडेपट्ट्याची आहे, सवलतीची आहे, तिथे आठवड्यातल्या दोन सकाळी बाहेरगावच्यांसाठी ठेवण्याची अट पट्ट्यातच घाला. दर फाटकावर मराठीत लावा. हँडिकॅपचा दाखला मागा, जरूर मागा, खेळता न येणारा माणूस पहिल्या टीवर उभा राहिला की मागच्या चार गटांची सकाळ जाते. कोणाचा पाहुणा आहे ते विचारू नका. नगरविकास खात्याला एका परिपत्रकात हे जमेल. आपले आमदार अधिवेशनाला मुंबईत असतातच. त्यांच्यातल्या एकानं हा प्रश्न विचारावा. पत्र मी लिहून देतो.

तोवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी खारघर. कॅडी घ्या. डोंगराकडचा उतार नवख्याच्या डोळ्याला फसवतो, चेंडू डावीकडे वळेल असं वाटतं आणि तो उजवीकडे जातो, हे कॅडीला पायांखालून कळतं. राउंड संपल्यावर त्याचे पैसे ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्या, चहा सोबत घ्या आणि त्याला विचारा की तू स्वतः कधी खेळतोस.